‘पन्नासचा कंडेन्सर द्या’: कॅपॅसिटर नेमका ओळखायचा कसा?

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कानात इअरफोन असेल, हातात फोन असेल, तर या क्षणी तुमच्याजवळ काही शे कॅपॅसिटर आहेत. फोन चार्जिंगला लावून ऐकत असाल तर आणखी पाच-दहा वाढवा. डोक्यावर पंखा फिरत असेल तर अजून एक. आजचा भाग याच वस्तूवर आहे.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचे बोर्ड, ड्राइव्ह आणि पॅनेल दुरुस्त करतो. आपल्याकडं टॉवेल आणि चादरीची शेडं रांगेनं आहेत. कामगारांत कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी मराठी, कुणी दखनी. पण पंखा हळू झाला की चारही भाषांत एकच शब्द येतो: ‘कंडेन्सर गेला’. मग एखाद्या नव्या पोराला दुकानात पिटाळतात. पोरगं जाऊन म्हणतं, “अण्णा, पन्नासचा कंडेन्सर द्या.”

दुकानदार अनुभवी असेल तर तो उलट विचारतो. “पन्नास काय? पन्नास मायक्रोफॅरड का पन्नास व्होल्ट? मोटरचा का बोर्डाचा? मोटरचा असेल तर स्टार्टचा का रनचा?” पोरगं गप्प. कारण त्याला घरून फक्त एक आकडा सांगितलेला असतो.

आजच्या भागाचा मुद्दा एवढाच: आकडा जुळला म्हणजे कॅपॅसिटर जुळला असं होत नाही. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा पण चुकीच्या जातीचा कॅपॅसिटर बसवला, तर वस्तू जळते, आणि कधीकधी माणसाला लागतं. म्हणून आज आपण एका शेडमधून फेरी मारू. पंख्यापासून सुरू करू, पॅनेलजवळ जाऊ, बोर्ड उघडू, चार्जर उघडू आणि शेवटी तुमच्या फोनपर्यंत येऊ.

आधी दोन मिनिटं: हा करतो काय?

दोन धातूचे पत्रे, मध्ये वीज न जाऊ देणारा पातळ थर. झाला कॅपॅसिटर. पत्र्यांना व्होल्टेज दिलं की एकावर जादा भार साठतो, दुसऱ्यावर कमी. व्होल्टेज काढलं तरी तो भार तिथंच बसून राहतो, वाट मिळाली की परत बाहेर येतो.

रेपिअर लूम बघितलाय का? कोनवरून सूत सलग येतं, पण लूमला बाणा लागतो झटक्याझटक्यानं. म्हणून मध्ये फीडर असतो. तो सुताचे थोडे वेढे स्वतःजवळ गुंडाळून ठेवतो आणि झटका आला की त्यातून देतो. कोनला ओढ बसत नाही, सूत तुटत नाही. बोर्डावरचा कॅपॅसिटर विजेच्या बाबतीत हेच करतो.

एसीमध्ये त्याचं दुसरं काम असतं. एसीत दिशा सारखी बदलते, त्यामुळं कॅपॅसिटर भरतो, रिकामा होतो, उलटा भरतो. या भरण्या-रिकामं होण्यात करंट व्होल्टेजच्या पुढं पळतो. ही ‘पुढं पळायची’ सवय मोटरला फार उपयोगी पडते.

आणि ‘कंडेन्सर’ हा शब्द गावंढळ वगैरे नाही बरं का. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टानं १७८२ साली अशा वस्तूला ‘कंडेन्सातोरे’ म्हटलं होतं. पुस्तकं नंतर कॅपॅसिटरवर गेली, पाठ्यपुस्तकात ‘धारित्र’, ‘संधारित्र’ आलं, पण आपल्या दुकानात व्होल्टाचाच शब्द राहिला. मोजायचं एकक फॅरड, मायकेल फॅरडेच्या नावावरून. एक फॅरड खूप मोठा असतो, म्हणून आपण त्याचे तुकडे वापरतो. दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोफॅरड, त्याचा हजारावा नॅनोफॅरड, त्याचा हजारावा पिकोफॅरड. मोटरच्या कॅपॅसिटरवर मायक्रोफॅरडला बऱ्याचदा ‘एमएफडी’ लिहिलेलं असतं. एकच गोष्ट.

पहिला थांबा: पंखा आणि पंप

सिंगल फेज मोटरला स्वतःहून फिरायची दिशा कळत नाही. नुसती गुणगुणते. म्हणून तिच्यात दुसरं वाइंडिंग असतं आणि त्याला कॅपॅसिटर लावून करंट थोडा पुढं ढकललेला असतो. दोन वाइंडिंगांचे करंट मागं-पुढं झाले की फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पंखा सुटतो.

छताच्या पंख्यात साधारण २.२५, २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरडचा असतो. वर ४४० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. घरात २३० आणि यावर ४४० का? कारण वाइंडिंगच्या ओळीत बसल्यामुळं कॅपॅसिटरच्या दोन टोकांत पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज उभं राहतं. म्हणून २५० वाला स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही.

आत पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते, तिच्यावर धातूचा अतिशय पातळ लेप. याची एक खुबी आहे. फिल्मला एखाद्या ठिकाणी भोक पडलं, तर तिथला लेप उडून जातो आणि दोष आपोआप वेगळा पडतो. याला सेल्फ हीलिंग म्हणतात. पण प्रत्येक वेळी थोडी जागा कमी होते, म्हणजे मायक्रोफॅरड घटतात. म्हणून पंखा एका दिवसात बंद पडत नाही, वर्षा-दोन वर्षांत हळूहळू मंदावतो. २.५ चा कॅपॅसिटर मीटरवर १.६ दाखवायला लागला की समजायचं, याचं झालं. आणि वेग वाढावा म्हणून २.५ च्या जागी मोठा टाकू नका. वेग थोडा वाढेलही, पण वाइंडिंग तापतं.

आता पंप. इथं दोन जाती शेजारी शेजारी बसतात आणि इथंच सगळा घोटाळा होतो.

रन कॅपॅसिटर मोटर चालू असेपर्यंत कामात असतो. तोही पॉलिप्रॉपिलीनचाच, ४४० व्होल्ट एसी, १० ते ५० मायक्रोफॅरडच्या दरम्यान. ॲल्युमिनियमचा डबा किंवा पांढरं प्लास्टिक.

स्टार्ट कॅपॅसिटर फक्त सुरुवातीचा जोर द्यायला असतो. बहुतेक वेळा काळा गोल डबा, आणि त्यावर एक आकडा नसून पट्टा असतो: ८० ते १००, १०० ते १२०, १२० ते १५० मायक्रोफॅरड असा. आत एसीसाठी बनवलेला इलेक्ट्रोलिटिक. मोटरनं वेग घेतला की सेंट्रिफ्यूगल स्विच त्याला काही सेकंदात बाहेर काढतो. तो स्विच चिकटला, किंवा कुणी स्टार्टवाला रनच्या जागी लावला, तर तो तापतो, फुगतो आणि फुटतो. मायक्रोफॅरड बरोबर असले तरी!

मोटर गुणगुणते, फिरत नाही, पण पंख्याचं पातं हातानं ढकललं की चालू होतं, अशा वेळी पहिला संशय कॅपॅसिटरवर. पंपाला मात्र हात लावून बघायचा नाही.

दुसरा थांबा: मेन पॅनेल

शेडच्या मेन पॅनेलजवळ राखाडी किंवा निळसर डबे ओळीनं लावलेले दिसतात, तीन-तीन टर्मिनलचे. यांच्यावर मायक्रोफॅरड मोठ्या अक्षरात नसतात, ‘केव्हीएआर’ लिहिलेलं असतं. हे पॉवर फॅक्टरचे कॅपॅसिटर.

लूमची मोटर दोन तऱ्हेचा करंट घेते. एक काम करायला, म्हणजे कापड विणायला. दुसरा स्वतःचं चुंबक तयार करायला. हा दुसरा करंट धोट्यासारखा आहे. जातो आणि परत येतो, जातो आणि परत येतो. काम शून्य, पण येरझाऱ्या चालू. त्या येरझाऱ्या महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत होतात आणि सगळी केबल त्यासाठी अडकून राहते. कॅपॅसिटर मोटरजवळ बसवला की धोटा मोटर आणि कॅपॅसिटर यांच्यातच फेऱ्या मारतो. लांब जात नाही.

हिशोब करून बघू. समजा शेडचा लोड १५ किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर ०.७ आहे. लूमच्या मोटरवर भार कमी असला की पॉवर फॅक्टर असा खाली जातो. म्हणजे तुम्ही खरं तर २१.४ केव्हीए ओढताय आणि ४१५ व्होल्टला प्रत्येक फेजमधून साधारण ३० ॲम्पियर जातोय. प्रत्यक्षात १० केव्हीएआर देणारा कॅपॅसिटर लावला, की १५.९ केव्हीए होतात, पॉवर फॅक्टर ०.९४ आणि करंट २२ ॲम्पियर. केबलमधली उष्णता करंटच्या वर्गावर चालते. म्हणजे कॅपॅसिटरच्या मागच्या केबलचं तापणं जवळजवळ निम्म्यावर येतं. लूम तेवढेच, कापड तेवढंच.

बिलात याचा थेट परिणाम आहे. महाराष्ट्रात हाय टेन्शन ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर होतं. म्हणजे येरझाऱ्यांचेही पैसे लागतात. आणि गंमत ऐका, त्या हिशोबात मागं पडलेला आणि पुढं पळालेला, दोन्ही धरतात. रात्री लूम बंद, पण कॅपॅसिटर चालूच राहिले, तर पॉवर फॅक्टर उलट बाजूला जातो आणि तेही बिलात लागतं. म्हणून लोड कमी-जास्त होतो तिथं कॅपॅसिटर आत-बाहेर करणारं ऑटोमॅटिक पॅनेल लावतात. तुमचं शेड छोटं असेल तरी बिल हातात घेऊन पॉवर फॅक्टरची ओळ शोधा आणि बघा काय लिहिलंय.

इथं ओळखताना दोन गोष्टी बघायच्या. पहिली, डब्यावरचं व्होल्टेज. १० केव्हीएआर ४४० व्होल्टला लिहिलेलं असेल, तर ४१५ ला तो साधारण ८.९ केव्हीएआरच देतो, कारण केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गावर चालतात. दुसरी, जिवंतपणा. असा डबा ४१५ ला प्रत्येक फेजमध्ये १२.४ ॲम्पियरच्या आसपास घेतो. क्लॅम्प मीटरवर एका फेजला सातच दिसला तर आतला एखादा भाग मेलाय. बाहेरून डबा मस्त चकचकीत असतो, म्हणून मालक म्हणतात, “कॅपॅसिटर लावलेत की!” लावलेत खरे, पण ते काम करत नाहीयेत.

आणखी एक. नव्या लूमवर ड्राइव्ह असतात. ड्राइव्हमुळं करंटमध्ये हार्मोनिक येतात, आणि साधे कॅपॅसिटर ते ओढून घेतात, तापतात, फुगतात. अशा ठिकाणी कॅपॅसिटरच्या ओळीत रिॲक्टर लागतो. ‘नवा लावला, सहा महिन्यांत फुगला’ अशी तक्रार आली की कंपनीला शिव्या देण्याआधी शेडात ड्राइव्ह किती आहेत ते मोजा.

तिसरा थांबा: बोर्ड आणि उन्हाळा

लूमचा कंट्रोल बोर्ड, एलईडी ट्यूबचा ड्रायव्हर, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय. काहीही उघडा, पहिले दिसतात ते उभे नळकांडे. हे ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक. कमी जागेत जास्त मायक्रोफॅरड देतात, म्हणून सप्लाय गुळगुळीत करायला हेच.

यांना उलटं-सुलटं कळतं. नव्याचा लांब पाय प्लस. अंगावर जो पट्टा असतो तो मायनसच्या बाजूला. उलटा लावला किंवा एसीवर लावला, तर आतला ऑक्साइडचा थर मोडतो, गॅस होतो. म्हणून मोठ्यांच्या डोक्यावर फुली किंवा ‘के’सारखी खाच मारलेली असते. फुटायची वेळ आली तर तिथून उघडावा, गोळीसारखा उडू नये. डोकं वर आलेलं दिसलं, बुडाशी तपकिरी ओल दिसली, तर मीटर काढायचीही गरज नाही.

आता यांच्यावर तापमान लिहिलेलं असतं: ८५ किंवा १०५ अंश. बहुतेक जण ते वाचतच नाहीत. आपल्या सोलापुरात तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

इलेक्ट्रोलिटिकमध्ये द्रव असतो आणि तो हळूहळू वाळतो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी खाली आलं की आयुष्य दुप्पट होतं. समजा दोन कॅपॅसिटर आहेत, दोघांचंही कमाल तापमानाला आयुष्य २,००० तास दिलंय. एक ८५ चा, एक १०५ चा. मे महिना, वर पत्रा, बोर्डाची पेटी बंद, जाळीवर सुताची धूळ बसलेली, आणि पेटीच्या आत ६५ अंश. ८५ वाला ६५ ला चालेल ८,००० तास. चोवीस तास शेड चालू असेल तर अकरा महिने. १०५ वाला चालेल ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त. मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेच. फरक फक्त त्या छापलेल्या तापमानाचा. आणि हो, जाळीवरची धूळ झाडून पेटी १० अंशांनी थंड केली तर फुकटात आयुष्य दुप्पट.

इथं मीटर फसवतो, ते पण सांगतो. वाळलेला इलेक्ट्रोलिटिक कधीकधी मायक्रोफॅरड ठीक दाखवतो, पण आतला अडथळा वाढलेला असतो. त्याला ईएसआर म्हणतात आणि त्याचा वेगळा मीटर येतो. बोर्ड सकाळी थंडीत चालू होत नाही, थोडा गरम झाला की चालतो, असं दिसलं तर ईएसआर तपासाच.

बोर्डावर पिवळा किंवा काळा चपटा चौकोनी तुकडा, एका टोकाला पट्टी, हा बहुधा टँटॅलम. सावधान! याची पट्टी प्लसची असते. नळकांड्याची पट्टी मायनस, टँटॅलमची पट्टी प्लस. हे एक वाक्य वहीत लिहून ठेवा. टँटॅलम उलटा लागला तर तो शॉर्ट होतो आणि पेटूही शकतो.

चौथा थांबा: १०४ म्हणजे किती?

छोट्या सिरॅमिक आणि फिल्म कॅपॅसिटरवर तीन आकडे असतात. पहिले दोन जसेच्या तसे घ्या, तिसरा आकडा म्हणजे पुढं किती शून्यं. उत्तर पिकोफॅरडमध्ये. १०४ म्हणजे १० वर चार शून्यं, एक लाख पिकोफॅरड. म्हणजे १०० नॅनो, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. २२३ म्हणजे २२ नॅनो. ४७२ म्हणजे ४.७ नॅनो. १०५ म्हणजे एक मायक्रो.

पुढचं अक्षर किती इकडं-तिकडं चालेल ते सांगतं. जे म्हणजे पाच टक्के, के म्हणजे दहा, एम म्हणजे वीस. कधी आकड्यांच्या आधी ‘२ए’ असतं, म्हणजे १०० व्होल्ट डीसी.

चपटी गोल तपकिरी किंवा निळी गोळी दिसली तर सिरॅमिक. चिपच्या पायाजवळ बसून सप्लायमधला आवाज शोषणं हे तिचं काम. तीन महिन्यांचा प्रोजेक्ट करणाऱ्या प्रत्येकानं १०४ ची मूठभर घरात ठेवावी. चौकोनी पेटी किंवा चकचकीत तपकिरी-लाल उशी दिसली तर फिल्म. मच्छर मारायच्या रॅकेटमध्ये हीच असते. बटण सोडल्यावरसुद्धा रॅकेट चटका देते ना? तो तिच्यात साठलेला भार.

पाचवा थांबा: चार्जर. इथं जरा लक्ष द्या

तुमच्या फोनच्या चार्जरमध्ये २३० व्होल्ट एसी आधी डीसी होतो, आणि त्याचं शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असतं. ते धरून ठेवायला ४०० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक. ठीक.

पण आणखी दोन खास जाती असतात, आणि त्यांचं काम तुमचा जीव वाचवणं आहे. फेज आणि न्यूट्रलमध्ये बसतो तो एक्स वर्गाचा, बहुधा पिवळी चौकोनी पेटी, वर ‘एक्स २’ आणि २७५ किंवा ३१० व्होल्ट एसी. मेनवर झटके येतात, ते सोसायला तो बनवलेला असतो.

दुसरा वाय वर्गाचा. बऱ्याचदा निळी गोळी, वर ‘वाय १’ लिहिलेलं आणि मान्यतेचे छोटे छोटे शिक्के. हा कुठं असतो? मेनची बाजू आणि तुमच्या फोनची बाजू, या दोघांच्या मधोमध. बिघडला तर तो सहसा उघडा पडावा, शॉर्ट होऊ नये, असा त्याचा दर्जा असतो. २.२ नॅनोफॅरडच्या वाय कॅपॅसिटरमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त ०.१६ मिलिॲम्पियर गळतो. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूवर बोट फिरवलं की मुंग्या येतात, त्या बहुधा याच्या.

आता स्वस्त, नाव नसलेले चार्जर उघडून बघा. त्या जागी बऱ्याचदा साधी सिरॅमिक गोळी सापडते. आकडा तोच, २२२. किंमत थोडी कमी. ती शॉर्ट झाली, की मेन थेट फोनच्या बाजूला. आणि तुमच्या कानात वायरवाला इअरफोन. आता कळलं, मी सुरुवातीला का म्हटलं की आकडा जुळणं पुरेसं नाही? दुरुस्ती करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायचं: एक्सच्या जागी एक्स, वायच्या जागी वाय. दुसरं काहीही नाही.

शेवटचा थांबा: तुमच्या हातातला फोन

फोनच्या बोर्डावर सिरॅमिक कॅपॅसिटर शेकड्यांनी असतात, भारी फोनमध्ये हजाराच्या आसपास. एकाची लांबी ०.६ मिलिमीटर, रुंदी ०.३, काही त्याहून बारीक. आत सिरॅमिक आणि धातूचे थरावर थर. अंगावर काहीही लिहिलेलं नसतं! रंग भुरकट तपकिरी, दोन्ही टोकं चांदीसारखी. शेजारी काळा दिसतो तो बहुधा रेझिस्टर. किती मायक्रोफॅरड ते बघून कळत नाही. बोर्डाचा नकाशा बघायचा किंवा काढून मोजायचा.

अचानक मेलेला फोन बऱ्याचदा यातल्या एका दाण्यामुळं मेलेला असतो. तो शॉर्ट होतो आणि सगळा सप्लाय खाली बसवतो. कारागीर बोर्डावर रोझिनचा पांढरा धूर बसवतात आणि कमी व्होल्टेज सोडतात. शॉर्ट दाणा तापतो आणि त्याच्यावरचं रोझिन वितळतं. सापडला चोर. म्हणून कुणी ‘बोर्ड गेला, नवा टाका’ म्हटलं, तर आधी शॉर्ट शोधलाय का, एवढं विचारा.

आणि स्क्रीन? तीही कॅपॅसिटरच. काचेखाली पारदर्शक तारांची जाळी असते. बोट जवळ आलं की त्या जागची धारिता किंचित बदलते आणि चिप ओळखते, बोट इथं आहे. जाड सुती हातमोजा घातला की फोन ऐकत नाही, कारण बोट लांब राहतं.

हात लावण्याआधी

स्विच बंद केला म्हणजे कॅपॅसिटर रिकामा झाला असं नाही. २२० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ३२५ व्होल्टला भरला की त्यात ११ ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा बसते. छातीतून गेली तर खेळ नाही. ड्राइव्हच्या आत तर ५८० व्होल्टच्या वर डीसी असतो. त्याच्या झाकणावर किती मिनिटं थांबायचं ते लिहिलेलं असतं. तेवढं थांबा, मग मीटरनं मोजा, मगच हात. पॉवर फॅक्टरच्या डब्यांना डिस्चार्ज रेझिस्टर असतात, बंद केल्यावर तीन मिनिटांत व्होल्टेज ७५ च्या खाली यायला हवं. पण रेझिस्टर तुटलेला असू शकतो, म्हणून इथंही मोजायचं. आणि पॅनेलचं काम परवाना असलेल्या वायरमनचंच.

पंख्याचा किंवा छोट्या सप्लायचा कॅपॅसिटर रिकामा करताना स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकू नका. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याला इन्सुलेशन असलेल्या वायरी जोडा, पंधरा सेकंद लावा, मग मोजा.

स्क्रू ड्रायव्हरची ठिणगी ‘काय होतंय बे’ म्हणून हसण्यावारी नेतात. मी नेत नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे आपल्याच एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. लहान मूलही होतं त्यात. त्या आगीचा मी कॅपॅसिटरशी संबंध जोडत नाही. एवढंच सांगतो, की आपल्या शेडात सगळीकडं सूत आहे, टॉवेल आहेत, हवेत कापसाची धूळ आहे. इथं फुगलेला डबा ‘चालतोय की, राहू दे’ म्हणून ठेवणं परवडत नाही.

दुकानात जाताना

तर ‘पन्नासचा द्या’ म्हणण्याआधी जुन्या कॅपॅसिटरचा फोटो काढा. फोन आहेच हातात. आणि हे पाच प्रश्न स्वतःला विचारा.

एक, एसीचा का डीसीचा? मोटर आणि मेनवर डीसीवाला कधीच नाही.

दोन, व्होल्ट किती? तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी नाही.

तीन, मायक्रोफॅरड किती? मोटरला तेवढेच. सप्लाय गुळगुळीत करणाऱ्या इलेक्ट्रोलिटिकला थोडं वर चालतं.

चार, प्लस-मायनस आहे का? असेल तर पट्टी कशाची?

पाच, खास जात आहे का? स्टार्ट का रन, ८५ का १०५, एक्स का वाय.

पाचांची उत्तरं असतील तर दुकानदार तुम्हाला पोरगं समजणार नाही, मिस्त्री समजेल.

या आठवड्यात एक काम करा. घरातला बंद पडलेला, आठ-दहा दिवस कुठंही न जोडलेला एखादा बोर्ड घ्या. आधी मोठ्या नळकांड्यावर मीटर लावून शून्य आहे ना ते बघा. मग त्यावरचे कॅपॅसिटर मोजा आणि प्रत्येकाची जात लिहा. एखादा ओळखू आला नाही तर त्याचा फोटो आणि तो कशाशेजारी होता ते पाठवा. शेजारी कोण बसलंय यावरून अर्धी ओळख पटते, माणसाची पण आणि कॅपॅसिटरची पण. पुढच्या भागात ते फोटो घेऊन बसू, आणि पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये आता कॅपॅसिटर कसा शिरलाय तेही उघडून बघू.

तोपर्यंत ऐकत राहा, आणि शेडात जो नवीन पोरगा दुकानात जातो ना, त्याला हा भाग पाठवा. भेटू.